चौकोनी भोकाची चिनी नाणी आणि मध्ययुगीन युरोपची चांदी: ओळखायची कशी?

कातळ

नमस्कार मंडळी. शिवराया (तांब्याची नाणी) आणि दाभोळच्या लाऱ्या (चांदीच्या तारेची नाणी) बरीच वर्षं जमवतोय, त्यातलं थोडंफार कळतं. आता मामेभावाने नेदरलँड्सहून एक छोटी पेटी आणून दिली आहे. तिथल्या एका वृद्ध संग्राहकाच्या वारसांनी विकायला काढली होती. त्यातली सहा नाणी मला ओळखता येत नाहीयेत. फोटो खाली देतो आहे, शिवाय लिहितोही.

क्र. १ आणि २: काळपट कांस्य, साधारण २४ मिमी, चौकोनी भोक, भोवती चार अक्षरं, मागची बाजू कोरी. एकावरची अक्षरं वेलबुट्टीसारखी वळणदार, दुसऱ्यावरची झरझर हाताने लिहिल्यासारखी.
क्र. ३: पितळी, २८ मिमी, मागे लाटा.
क्र. ४: सुरीच्या आकाराचं, हिरवंगार.
क्र. ५: काळी पडलेली चांदी, १८ मिमी, १.३४ ग्रॅम. एकीकडे मुकुट घातलेला समोर बघणारा चेहरा, दुसरीकडे काठापर्यंत गेलेला क्रूस आणि प्रत्येक कोपऱ्यात तीन ठिपके.
क्र. ६: ०.९ ग्रॅम, हिणकस चांदी, शिरस्त्राण घातलेलं डोकं, मागे क्रूस.

मोबाइलवरच्या ॲपने पहिल्या तिन्हींना एकच नाव दिलं, म्हणून तो नाद सोडला. मला नुसती नावं नकोत, नावापर्यंत पोचायची रीत हवी आहे. चिनी वाचता येत नाही, लॅटिन येत नाही. अशा माणसाने सुरुवात कुठून करावी?

दाणेकूट

लोक म्हणतात चिनी माल टिकत नाही. इथे हजार वर्षं टिकलेला दिसतोय! वाचतोय.

रानमोगरा

नाण्याच्या भोकात धागा ओवायचा सोडून धाग्यात नाणी ओवताय :) छान विषय, पुढचे प्रतिसाद येऊ द्या.

नाना_पुणेरी

क्र. १ चा फोटो मोठा करून पाहिला. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं आहेत. म्हणजे साच्यात ओतलेलं आहे. ओतीव नाणं म्हणजे नकली, हा साधा नियम आहे. कातळ, मामेभावाला कोणीतरी गंडवलंय.

मोडीवाला

नाना, तुमचा नियम क्र. ५ आणि ६ ला शंभर टक्के लागू. क्र. १, २, ३ ला अजिबात नाही.

चीनमध्ये नाणी ठोकून पाडतच नव्हते, ओतत होते. छिन शी हुआंगने इ.स.पू. २२१ मध्ये देश एक केला आणि आपल्या राज्यातलं 'बान लियांग' हे गोल, चौकोनी भोकाचं नाणं सगळीकडे चालू केलं. तिथपासून एकोणिसाव्या शतकात यंत्रं येईपर्यंत हाच प्रकार. पुढे रूढ झालेली रीत अशी: आधी एक 'मातृनाणं' हाताने सफाईने कोरायचं, ओल्या वाळूच्या साच्यात त्याचे ठसे उठवायचे, ठशांना जोडणारी नाळ ठेवायची आणि धातू ओतायचा. साचा उघडला की फांद्यांना फळं लागावीत तशी नाणी लागलेलं धातूचं झाड बाहेर येतं. मग ती तोडायची, भोकातून चौकोनी सळई घालायची आणि पन्नास-शंभर नाण्यांची कड एकदम कानशीने घासायची. भोक चौकोनी असल्यामुळे घासताना नाणं गरगर फिरत नाही.

म्हणून खऱ्या चिनी नाण्याच्या कडेवर भिंगातून बारीक, तिरपे कानशीचे ओरखडे दिसतात. मी तर अक्षरांच्या आधी कड बघतो.

युरोपात उलट. तिथे चांदीची चकती दोन ठशांमध्ये ठेवून हातोडा मारायचा. असं नाणं ओतीव निघालं, कडेला जोडाची रेघ दिसली, अक्षरांच्या मुळाशी बुडबुडे दिसले, तर ते बाजूला ठेवायचं. चिनी नाण्याचा जो जन्मदाखला, तोच युरोपीय नाण्याच्या खोटेपणाचा पुरावा! तेव्हा कातळ, सुरुवात इथून करा: हे नाणं घडवलं कसं? नाव नंतर.

नाना_पुणेरी

पटलं. पण मग चिनी नाण्याची नक्कल कशी पकडायची? नक्कल करणाराही ओतणारच ना?

मोडीवाला

हो, आणि म्हणूनच चिनी जास्त अवघड. अस्सल नाण्यावरून साचा काढला की धातू थंड होताना आकसतो, म्हणून नक्कल किंचित लहान भरते आणि अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत होतात. दुसरं म्हणजे गंज. शेकडो वर्षांचा गंज धातूतून वर येतो, थरावर थर चढतो, लाल-तपकिरी, मग हिरवा, मध्ये मातीचे कण घट्ट बसलेले. नकलीवरचा हिरवा सगळीकडे सारखा असतो, नुसता वरून लावल्यासारखा.

कातळ, क्र. ४ ला कापसाच्या बोळ्याने ॲसिटोन लावून बघा. सुरीनाणी खरी असतात, यान राज्याची 'मिंग' सुरी म्हणतात ती १३-१४ सेंटिमीटरची, पातळ आणि ठिसूळ. तुमची फोटोत फारच जाडजूड दिसते.

अबोली

मला चिनी थोडं वाचता येतं, शांघायमध्ये चार वर्षं होते. अक्षरांचं मी सांगते, आणि हे चिनी न येणाऱ्यालाही जमेल.

चारपैकी दोनच अक्षरं ओळखायला शिका. एक 'पाओ', म्हणजे संपत्ती, ठेवा. सगळ्यात गिचमिड, भरपूर रेघांचं. ते जवळपास नेहमी भोकाच्या डावीकडे असतं. नाणं हातात घेतलं की ते डावीकडे येईल असं फिरवायचं, म्हणजे नाणं सुलटं झालं.

दुसरं 'थोंग', म्हणजे चलनी. ते उजवीकडे असेल तर वाचायचं वर, खाली, उजवी, डावी. ते खाली असेल तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे. 'थोंग'च्या जागी कधी 'युआन' असतं, कधी 'चोंग'. उरलेली दोन अक्षरं बहुधा राजवर्षाचं नाव, आणि खरी माहिती त्यांच्यातच. चिनी सम्राट कारकिर्दीला नावं देत, कधी कधी एकच सम्राट सात-आठ वेळा नाव बदले, आणि सोंग काळात नाव बदललं की बहुतेक वेळा नवं नाणं येई. त्यामुळे ती दोन अक्षरं लागली की काळ पाच-दहा वर्षांच्या आत येतो.

तुमची १ आणि २ दोन्ही 'युआन-फंग थोंग-पाओ', घड्याळाच्या दिशेने वाचायची. उत्तर सोंग, इ.स. १०७८ ते १०८५. वळणदार आहे ती मुद्रालिपी, झरझर आहे ती धावती लिपी. ही जोडी आहे! सोंग टाकसाळी एकच नाणं दोन लिप्यांत काढत, आकार, भोक, काठ सगळं सारखं ठेवून.

कातळ

अबोलीताई, नाणी फिरवून पाहिली, ते गिचमिड अक्षर दोन्हींवर डावीकडे येतंय! एक विचारतो. यादी चाळताना 'खाय-युआन थोंग-पाओ' दिसलं. त्यात 'युआन' खाली आहे. मग ते घड्याळाच्या दिशेने 'खाय-थोंग युआन-पाओ' असं नाही का होणार?

अबोली

होतं, आणि चिनी विद्वानांमध्ये यावर जुना वाद आहे. ते थांग घराण्याचं, इ.स. ६२१ चं नाणं. अक्षरं ओउयांग शुन या नामांकित सुलेखनकाराची. रूढ वाचन खाय-युआन. त्याआधी सातशे वर्षांहून जास्त काळ 'वू चू', म्हणजे पाच चू, असं वजनच नाण्यावर लिहीत (सुरुवात इ.स.पू. ११८, हान सम्राट वू). ६२१ नंतर वजन गेलं आणि 'पाओ' आलं. जपान, कोरिया, व्हिएतनाम सगळ्यांनी पुढे हाच साचा उचलला.

त्याच्या मागे कधी कधी नखासारखी चंद्रकोर दिसते. सम्राज्ञीने मेणाच्या नमुन्याला नख लावलं, सम्राटासमोर कोणी बोलेना, म्हणून ते तसंच राहिलं, अशी गोष्ट सांगतात. कोण सम्राज्ञी, ते सांगणाऱ्यागणिक बदलतं!

दाणेकूट

म्हणजे ऑफिसातल्या साहेबाच्या सहीवर चहा सांडला तर तोही डिझाइनचा भाग :D

तुंगभद्रा

१०७८ ची नाणी? मग ही जोडी लाखाची असणार. बँकेत ठेवा हो!

मोडीवाला

नाही. युआन-फंग काळात सोंग टाकसाळी वर्षाला ५० लाखांहून जास्त माळा ओतत. माळ म्हणायला हजार नाण्यांची, सरकारी हिशेबात ७७० मोजली तरी हजार धरत. म्हणजे वर्षाला अब्जावधी नाणी. जुनं म्हणजे महाग, हे नाण्यांत खरं नाही. मला तर यातच आनंद वाटतो. कल्याणीला सहावा विक्रमादित्य चालुक्य राज्य करत होता तेव्हा ओतलेलं नाणं, साध्या नोकरदार माणसाला हातात धरता येतं.

ही नाणी चीनबाहेरही भरपूर गेली. तमिळनाडूत तंजावर भागात सोंग नाण्यांचे साठे सापडले आहेत. २०१४ मध्ये केरळात कोल्लम बंदराचा गाळ काढताना चिनी नाणी निघाली होती. चोळांचा व्यापार लक्षात घेतला तर नवल नाही.

पन्हाळ्याचा_वारा

माझ्याकडे लाल दोरीत ओवलेली पाच नाणी आहेत, फेंगशुईवाल्याकडून घेतलेली. 'पाच सम्राट' म्हणतात. ती खरी असतात का?

अबोली

सम्राट खरे आहेत: शुन-चृ, खांग-शी, युंग-चंग, छिएन-लुंग, च्या-छिंग, हे छिंग घराण्यातले ओळीने पाच. दोरीतली नाणी बहुधा आजची. खऱ्या छिंग नाण्याच्या मागे मांचू लिपी असते, वरून खाली लिहिलेली. बहुतेकांवर भोकाच्या डावीकडे 'बो', म्हणजे आपलं 'पाओ'च. उजवीकडे टाकसाळीचं नाव. पेकिंगच्या दोन मोठ्या टाकसाळी, महसूल खात्याची आणि बांधकाम खात्याची, एवढी दोन चिन्हं पाठ केली तरी बरीचशी नाणी लागतात.

आणि क्र. ३ चिनी नाहीच! जपानी आहे, 'कान-एई त्सूहो'. मागच्या लाटा मोजा. २१ असतील तर १७६८, ११ असतील तर १७६९ पासून पुढची. चार मोनचं नाणं, मोन हे तिथलं जुनं चलन.

कातळ

अकरा! दोनदा मोजल्या.

रानमोगरा

जपानवरून आठवलं. ओदा नोबुनागाच्या निशाणावर मिंग घराण्याचं युंग-लो नाणं असायचं. चीनचं नाणं जपानी सरदाराच्या झेंड्यावर! त्या काळी जपानचा बाजार चिनी नाण्यांवरच चालायचा.

हेगवासी

उशिरा आलो. क्र. ५ आणि ६ माझ्या आवडीचा प्रांत.

क्र. ५ इंग्लंडची पेनी. आधी क्रूस. ११८० पासून इंग्लंडमध्ये आखूड क्रूसाची पेनी होती. लोक काठ कातरून चांदी चोरत आणि कातरलेलं ओळखू येत नसे. म्हणून १२४७ मध्ये तिसऱ्या हेन्रीने क्रूसाचे हात थेट काठापर्यंत नेले. हात तुटलेला दिसला की नाणं कातरलेलं. आपल्याकडे सराफ अशा नाण्यावर बट्टा घेत, तीच काळजी.

हेन्रीच्या पेनीचा क्रूस दुहेरी रेघेचा. १२७९ मध्ये पहिल्या एडवर्डने नवं नाणं काढलं, त्याचा क्रूस एकेरी, भरीव. तुमचा एकेरी आहे. हेन्रीच्या पेनीवर पाडणाऱ्या माणसाचं नाव असे, एडवर्डने ते काढून फक्त गावाचं ठेवलं. बरी सेंट एडमंड्स तेवढं अपवाद, तिथे काही वर्षं 'रॉबर्ट दे हॅडली' चालू राहिला.

आता लॅटिन. इथेही सगळं वाचायची गरज नाही. क्रूसाच्या बाजूला 'सिविटास' म्हणजे शहर, पुढे नाव. 'विला' असेल तर शहराचा दर्जा नसलेलं गाव, उदाहरणार्थ न्यूकॅसल किंवा बेरिक. चेहऱ्याच्या बाजूला राजाचं नाव, मग 'आर' म्हणजे राजा, 'अँग्ल' म्हणजे इंग्लंडचा, 'डीएनएस हायब' म्हणजे आयर्लंडचा स्वामी. त्या काळचं 'ई' गोल असतं, 'सी'ला मध्ये काडी दिल्यासारखं.

कातळ, राजाच्या नावाची अक्षरं मोजून सांगा. नुसतं 'ई-डी-डब्ल्यू', की पुढे 'ए' आहे?

नाना_पुणेरी

एडवर्ड लिहिलंय म्हणजे पहिला एडवर्ड, झालं की. एवढं खोलात कशाला?

हेगवासी

नाना, या एडवर्डांच्या पेनीवर 'पहिला', 'दुसरा' लिहितच नाहीत, आणि तीन एडवर्ड ओळीने झाले. त्याही आधी गंमत अशी की आखूड क्रूसाच्या पेनीवर रिचर्ड आणि जॉनच्या काळातही 'हेन्रिकस'च लिहिलेलं आहे. फ्रान्सात मेल या गावच्या टाकसाळीने 'कार्लस' नाव आणि सम्राट शार्लमेनच्या नावाची अक्षरं एकात गुंफलेला शिक्का शतकानुशतकं तसाच ठेवला. त्यामुळे नावापेक्षा ते कसं कोरलंय, मुकुटाची पाकळी कशी आहे, याला महत्त्व.

शिवाय आजच्या नेदरलँड्स-बेल्जियमच्या भागात या पेनीच्या हलक्या नकला निघत. काहींवर मुकुटाऐवजी गुलाबांची माळ आहे. इंग्लंडमध्ये त्या इतक्या शिरल्या की आधी अर्ध्या किमतीला आणल्या आणि १३०० मध्ये पूर्ण बंद केल्या. म्हणून खोलात जायचं.

कातळ

'ई-डी-डब्ल्यू-ए', मग 'आर'. मागे 'सिवि-टास-कॅन-टोर'.

हेगवासी

कँटरबरी. 'ए' आला म्हणजे साधारण १३०० नंतरचं, पहिल्या एडवर्डची शेवटची वर्षं किंवा दुसरा एडवर्ड. मुकुटाचा जवळून फोटो मिळाला तर आणखी नेमकं सांगता येईल. मूळ वजन १.४४ ग्रॅम, तुमचं १.३४, म्हणजे झिजलंय पण कातरलेलं नाही. छान नाणं आहे.

मोडीवाला

त्याच सुमारास इकडे देवगिरीला रामचंद्रदेव यादव होता. त्याचे सोन्याचे पद्मटंक दोन ठशांमध्ये दाबलेले नसत, वाटीसारख्या चकतीवर कमळ, 'श्रीराम' अशी अक्षरं वेगवेगळ्या ठशांनी ठोकत. एकाच काळात चीन ओततोय, इंग्लंड हातोडा मारतोय, देवगिरी सुटे ठसे उमटवतेय!

सोनचाफा

थोडं अवांतर. आजीची पुतळ्यांची माळ आमच्याकडे आहे. त्यातल्या दोन पुतळ्या बाकीच्यांपेक्षा वेगळ्या आहेत, त्यांवर लक्ष्मी नाही. एक माणूस उभा, एक गुडघ्यावर बसलेला, मध्ये काठी. मागे बदामाच्या आकारात उभी आकृती आणि चांदण्या. कोणी म्हणतं ख्रिस्ती देवाचं आहे. काय असेल?

हेगवासी

सोनचाफाताई, अवांतर मुळीच नाही! ते व्हेनिसचं दुकात, किंवा त्याची इथे केलेली नक्कल. १२८४ मध्ये सुरू झालं, साडेतीन ग्रॅम, जवळजवळ शुद्ध सोनं. उभा तो संत मार्क, गुडघ्यावर बसलाय तो व्हेनिसचा दोजे, म्हणजे निवडलेला प्रमुख, आणि मधली काठी म्हणजे निशाणाचा दांडा. मागे ख्रिस्त. १७९७ मध्ये व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडेपर्यंत हे चित्र बदललं नाही, म्हणूनच अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर लोक ते डोळे झाकून घेत. आपल्याकडे त्याला पुतळी म्हणत, शिवकाळातल्या नाण्यांच्या याद्यांत होन-मोहरांबरोबर पुतळ्या येतात. पुढे माळेत लक्ष्मीच्या चकत्या आल्या.

खरं की नक्कल? दोजेच्या पाठीमागे वरून खाली त्याचं नाव असतं, दांड्याला लागून 'डी-व्ही-एक्स'. अक्षरं स्वच्छ वाचता आली तर व्हेनिस, आणि दोजेच्या नावावरून काळही लागतो. अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या काड्या, माणसं बाहुल्यांसारखी, तर इथल्या सोनाराचं काम. पण कडी लावलेली असली तरी ती काढू नका, झाळण तोडू नका.

सोनचाफा

एकावर अक्षरं आहेत. खालच्या बाजूला 'एम-ए-एन-आय-एन' वाचता येतंय.

हेगवासी

लुदोविको मानिन! शेवटचा दोजे, १७८९ ते १७९७. त्याचं नाव इथल्या नकलांवरही येतं, म्हणून वजन करून सांगा, पण अक्षरं इतकी स्वच्छ असतील तर आशा आहे.

मोडीवाला

दुसऱ्याची लिपी न वाचता उतरवणारे आपले सोनार एकटे नव्हेत. इंग्लंडात मर्सियाच्या ऑफा राजाने आठव्या शतकात अब्बासी खलिफा अल-मन्सूरच्या दिनाराची नक्कल काढली. हिजरी १५७ चा अरबी मजकूर तसाच, आणि मध्ये 'ऑफा रेक्स' उलटं! ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हंगेरीत तिसऱ्या बेलाच्या तांब्याच्या काही नाण्यांवरही अरबीसारखी दिसणारी पण वाचता न येणारी नक्षी आहे. असं नाणं हातात आलं की आपण भलत्याच देशाच्या यादीत शोधत बसतो.

तुंगभद्रा

हे सगळं स्वच्छ करायचं कशाने? चिंच आणि मीठ लावलं तर तांबं लख्ख होतं.

मोडीवाला

कृपा करून नको! चिंच, लिंबू, राख, काहीही नको. तो गंज हाच नाण्याचा पुरावा, तो घासला की नाणंही गेलं आणि किंमतही. माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, मऊ लाकडी काडीने सोडवा. चांदीला फार तर रिठ्याचं पाणी. मात्र फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर ते नाणं लगेच वेगळं ठेवा आणि कोरडं ठेवा. तो क्लोराइडचा रोग आहे, आपल्या कोकणच्या दमट हवेत झपाट्याने वाढतो. पीव्हीसीच्या (मऊ प्लास्टिकच्या) पाकिटात तर कधीच ठेवू नका.

रानमोगरा

सफाईबद्दल सहमत. पण एक सलतं. ही नाणी जमिनीतून निघतात, आणि जागेवरून उचललं की कुठे, कशाबरोबर होतं ते कायमचं जातं. आपण विकत घेतो म्हणून कोणीतरी खणतं. मी याच कारणाने संग्रह बंद केला, आता फक्त संग्रहालयात बघते.

हेगवासी

रानमोगरा, मुद्दा खरा आहे. म्हणूनच मी जुन्या संग्रहातलं, कागद असलेलं नाणं घेतो. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्याने एका जागी ३०० वर्षांपेक्षा जुनी सोन्याचांदीची दोन नाणी सापडली तरी कळवावं लागतं. अमेरिकेने २००९ पासून थांगपर्यंतची चिनी नाणी आणण्यावर बंधनं घातली. भारतात गुप्तधनाचा १८७८ चा कायदा आहे, शेतात हंडा निघाला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचंच. आणि शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी देशाबाहेर नेता येत नाहीत, १९७२ चा पुरावस्तू कायदा. कातळ, पेटीबरोबर आलेली पावती, चिठ्ठ्या, काहीही फेकू नका.

रानमोगरा

एवढं सगळेच पाळतील तर माझी तक्रार नाही. पाळत नाहीत, म्हणून लिहिलं.

कातळ

चिठ्ठ्या आहेत, डच भाषेत. जपून ठेवल्यात.

क्र. ४ वर ॲसिटोन लावलं, कापूस हिरवागार झाला आणि खाली पिवळा धातू उघडा पडला. सुरी बाद. तिच्या टोकाच्या कडीवर साच्याच्या जोडाची रेघही दिसतेय.

क्र. ६ वर आडव्या उजेडात वाचायचा प्रयत्न केला. 'बी-ओ', मग उलटं 'व्ही', मग 'एच'सारखं काहीतरी, पुढे 'व्ही-एन-डी-व्ही-एस'. डोक्यामागे चंद्रकोर, पुढे चांदणी. क्रूसाच्या एका कोपऱ्यातही चंद्रकोर आहे.

हेगवासी

उलटं 'व्ही' म्हणजे आडवी रेघ नसलेलं 'ए', आणि 'एच'सारखं ते 'एम'. बोआमुंडस! दुसऱ्या बाजूला 'अँटिओकिया' असणार. अँटिऑकच्या क्रूसेडर राज्याचा, म्हणजे धर्मयुद्धासाठी आलेल्या युरोपीय ख्रिस्ती योद्ध्यांच्या राज्याचा देनिए (हिणकस चांदीचं छोटं नाणं), बहुधा तिसरा बोहेमंड, ११६३ ते १२०१. फ्रान्सची पद्धत, सिरियाची टाकसाळ.

कातळ

आहे! 'ए-एन-टी-आय-ओ' स्पष्ट दिसतंय. 'ए'ला इथेही आडवी रेघ नाही. आता तिकिटावर नेमकं काय लिहू?

मोडीवाला

राज्य, राजा, नाण्याचं नाव, धातू, वजन, व्यास. खाली दोन्ही बाजूंचा मजकूर जसा वाचता येतो तसा, न दिसणारी अक्षरं सोडून. शेवटी कुठून आलं: डच चिठ्ठीचा क्रमांक आणि साल. ओळख बदलली तर जुनी खोडू नका, खाली नवी लिहा. आणि १, २ च्या कडांचे फोटो टाका, कानशीच्या खुणा नानांनाही दाखवू.

नाना_पुणेरी

टाकाच. भिंग घेऊन बसलोय.